गुरुजी बदलून गेल्यावर

खान्देशात चांगल्या शाळेची गोष्ट निघाली की ती बहुधा एका माणसाची गोष्ट असते. "आमच्याकडे अमुक गुरुजी होते ना, तेव्हाची शाळा बघायला हवी होती." मग गुरुजींनी आवारात कडुनिंब कसे जगवले, कंदिलाच्या उजेडात रात्रीचा वर्ग कसा चालवला, स्कॉलरशिपला पोरं कशी बसवली, हे सगळं रंगवून सांगितलं जातं. ऐकणारा विचारतो, "आणि आता?" सांगणारा हात झटकतो. "आता काय! त्यांची बदली झाली."

बदलीपाशी गोष्ट संपते हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यात काही खटकत नाही. मला मात्र अलीकडे तेच खटकायला लागलंय. गुरुजी चांगले होते, मान्य. पण ते गेल्यावर दोन वर्षांत शाळा पुन्हा होती तशी होत असेल, तर त्यांनी केलेलं काम गावाच्या हाती लागलंच नाही असं म्हणावं लागेल.

शिक्षक म्हटलं की आपल्याकडे साने गुरुजी आठवतात, आणि आठवायलाच हवेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिकवायला होते १९२४ ते १९३०, म्हणजे जेमतेम सहा वर्षं. तेवढ्यात त्यांनी छात्रालयातल्या मुलांच्या अंथरुणापांघरुणापासून वाचनापर्यंत सगळं अंगावर घेतलं, मुलांसाठी छात्रालयाचं दैनिक काढलं, आणि १९३०च्या सत्याग्रहात नोकरी सोडून गेले. पण मला त्यांची दुसरी एक हकीकत जास्त जवळची वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. बोलणारे विनोबा असले तरी उतरवून घेणारं कुणी नसतं, तर ती प्रवचनं त्या त्या रविवारीच संपली असती. मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. त्यामुळे असेल, मला बोलणाऱ्याइतकंच उतरवून घेणाऱ्याचं अप्रूप आहे. शाळेच्या कारभाराबद्दल कुणी आपणहून वाचायला बसत नाही हे ठाऊक असूनही हा लेख लिहायला घेतलाय, तो त्या अप्रूपापोटीच.

गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत मी आलो तो 'शिक्षणतज्ज्ञ' म्हणून. हसू नका. शिक्षणाचा हक्क कायदा २००९चा, तो लागू झाला १ एप्रिल २०१०ला. त्यातल्या कलम २१ने ही समिती प्रत्येक सरकारी शाळेला दिली. ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. महाराष्ट्राच्या नियमांत समिती १२ ते १६ जणांची, अध्यक्ष पालकांतलाच आणि मुख्याध्यापक सचिव. उरलेल्या चौथाईत ग्रामपंचायतीचा माणूस, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि गावातला एखादा शिक्षणतज्ज्ञ. आमच्या पांझराकाठच्या गावात शिक्षणतज्ज्ञ आणायचा कुठून? मी सहकारी बँकेतून रिटायर होऊन गावी परतलेलो, वडील जिल्हा परिषदेचे गुरुजी होते, अक्षर बरं, दुपारी रिकामा. एवढ्यावर माझी निवड झाली. सरपंच म्हणाले, "नाना, तुम्ही फक्त सही करत जा."

सही हा समितीचा जुना रिवाज होता. सभा दरमहा व्हायला हवी. ती व्हायची प्रोसिडिंग बुकात. चौथीतला एखादा पोरगा वही घेऊन गल्लोगल्ली फिरायचा, कुणी ओट्यावर बसून सही करायचा, कुणी गोठ्यातून हात पुसत येऊन अंगठा द्यायचा. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. कुणाची काही तक्रार नव्हती, कारण कुणाला काही अपेक्षाच नव्हती.

नवीन नवरीसारखा उत्साह म्हणा, मी जुनी प्रोसिडिंग बुकं मागून घेतली आणि घरी बसून वाचून काढली. कारकुनाला असल्या वाचनात रस असतो. विषय क्रमांक एक कायम तोच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचून कायम केलं असं दर वेळी लिहिलेलं. आणि तरीही संरक्षक भिंतीची मागणी एकामागून एक आलेल्या अध्यक्षांच्या काळात नव्याने होत राहिलेली, जणू ती आजच सुचली. कुणी खरंच मागचं वाचलं असतं तर लक्षात आलं असतं की अर्ज कुठे गेला, कुणी घेतला, उत्तर आलं की नाही, हे एकदाही विचारलेलं नाही. भिंत, रंगरंगोटी, शौचालयाची कडी, खिचडीतलं तेल, पंधरा ऑगस्टचा खाऊ. पानंच्या पानं. मुलांना वाचता येतं का, हा विषय एकाही सभेत नव्हता. आयत्या वेळच्या विषयांतसुद्धा नव्हता.

तो विषय आणला एका आईने. पण त्याआधी ती सभेला येईल अशी सोय करावी लागली. सभा सकाळी अकराला असायची. अकराला आमच्याकडे बायका कापसात किंवा कांद्यात असतात. सभेला यायचं म्हणजे रोज बुडवायचा. कायद्याने निम्म्या जागा दिल्या, पण अकरा वाजता ठेवलेल्या सभेने त्या परत घेतल्या होत्या. नव्याने आलेल्या मुख्याध्यापिका बाईंनी सभा बाजाराच्या दिवशी सकाळी ठेवली. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. बायका पिशव्या घेऊनच यायच्या, सभा संपली की तशाच बाजाराला. कोरम भरायला लागला. सुशासन वगैरे मोठे शब्द आपण वापरतो. आमच्याकडे त्याची सुरुवात वार बदलण्यापासून झाली.

त्या सभेत गुरुजी प्रगतिपत्रकांबद्दल सांगत होते. आकारिक मूल्यमापन, संकलित मूल्यमापन, श्रेणी. मागे बसलेल्या एका बाईंनी हात वर केला. "सर, मन्ही आंडेरले वाचता येस का नही, इतलंच सांगा." गुरुजींनी नोंदी पाहून सांगितलं, ब-एक श्रेणी आहे. "ते ब-एक राहू द्या. वाचस का?"

खोलीत कुणी बोलेना. मुलीला बोलावलं. तिसरीतली. पुस्तकातला परिच्छेद दिला तर एकेक अक्षर फोडत चालली, जोडाक्षराशी थांबली. आई बघत होती. स्वतःला वाचता येत नसलं तरी वाचणं आणि अडखळणं यातला फरक कुणालाही कळतो. गुरुजी वाईट नव्हते. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यातले एक त्या आठवड्यात प्रशिक्षणाला. ६० पटापर्यंत दोन शिक्षक हा कायद्याचाच हिशेब आहे. चार इयत्ता दोघांनी वाटून घ्यायच्या आणि दोघांतला एक नसेल तेव्हा एकाने चारही सांभाळायच्या, हे त्यात गृहीत आहे.

ही एकट्या आमच्या गावची गत नाही. 'असर' नावाचं सर्वेक्षण २००५पासून देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देतं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तिसरीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचं वाचता येतं? ग्रामीण भारतात २०१८ला २७ टक्क्यांच्या आसपास, कोरोनानंतर २०२२ला २०.५, २०२४ला २७.१. घसरलं आणि परत चढलं, ही चांगली गोष्ट आहे. चढून जिथे पोचलं ती पातळी काय आहे, हेही बघावं. आम्ही त्याच पायऱ्या उचलल्या. दर सभेत एका वर्गाची यादी वाचायची, कोण कुठल्या पायरीवर आहे ते सांगायचं. मुलांची नावं चारचौघांत वाचायची नाहीत, फक्त आकडे. नावं ज्याच्या त्याच्या पालकाला वेगळी. हे नंतरचं शहाणपणही एका आईचंच.

आता बदलीकडे येतो.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ला, त्यानंतर थोड्याच वर्षांत ते नोकरीला लागले. त्यांची बदली झाली की चार्ज देण्याघेण्याचा कार्यक्रम मी लहानपणी पाहिलाय. डेडस्टॉक रजिस्टर काढायचं. खुर्च्या, टेबल, घंटा, नकाशे, एका बाजूने पिचलेला पृथ्वीगोल, लोखंडी पेटी. नकाशा एक कमी भरला म्हणून वडिलांना रात्रभर झोप नव्हती, तो शेवटी फळ्यामागे सापडला. आज ती यादी लांबलीय. त्यात टीव्ही आहे, टॅब आहे, गॅसची टाकी आहे, तांदळाची शिल्लक किलो-ग्रॅमांत आहे. सगळं मोजून, सही घेऊन, सही देऊन शिक्षक कार्यमुक्त होतो.

पण दुसरीतल्या कुणाला जोडाक्षरं अडतात, कोण हातच्याची वजाबाकी उलटी करतो, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पुढे बसवायचं, कुठली मुलगी आई गेल्यापासून वर्गात बोलत नाही पण एकटीला विचारलं तर सगळं सांगते, हे त्या यादीत कुठे आहे? ही माहिती गुरुजींच्या डोक्यात असते आणि गुरुजींबरोबर एसटीत बसून जाते. नवा शिक्षक जूनमध्ये येतो. हेच सगळं त्याला नव्याने कळायला दिवाळी उजाडते. चार वर्षांत दोनदा शिक्षक बदलला तर मुलाच्या दोन सहामाह्या नुसत्या ओळख करून देण्यात गेल्या.

म्हणून समितीने ठराव केला: चार्ज यादीला वर्गाचं एक पान जोडायचं. प्रत्येक मुलामागे दोन ओळी. काय येतं, कुठे अडतं, काय केल्यावर पुढे गेलं. पहिल्या वर्षी जाणाऱ्या सरांनी सगळ्यांपुढे 'प्रगती समाधानकारक' लिहून दिलं. बाईंनी पान परत दिलं. सरांना राग आला, पण त्यांनी रात्री बसून पुन्हा लिहिलं, आणि दुसऱ्यांदा लिहिलेलं इतकं सुरेख होतं की मी ते झेरॉक्स करून ठेवलंय. "हा गणित तोंडी करतो, लिहायला सांगितलं की घाबरतो. आधी तोंडी विचारावे." एवढ्या एका ओळीने नव्या शिक्षकाचे तीन महिने वाचतात.

"आपल्या गावाला असला कारभार जमत नाही हो," हे वाक्य मी आमच्याच माणसांकडून फार ऐकतो. तेव्हा मी त्यांना नदीकडे बोट दाखवतो. पांझरेवर ओळीने जुने दगडी बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षांपासूनची फड पद्धत त्यांच्यावर चालत आली. बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल त्या साली एखादा फड कोरडा ठेवायचा; शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असल्यामुळे तोटा एकाच घरावर पडत नाही. पाणी द्यायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, त्यांचा मेहनताना भिजणाऱ्यांनी द्यायचा, हंगामाआधी पाटातला गाळ सगळ्यांनी काढायचा. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, आता कित्येक ठिकाणी फड मोडले. पण मोडेपर्यंत ते पिढ्यान् पिढ्या चालले, आणि या सगळ्या काळात एखाद्या थोर पाटकऱ्याची गोष्ट कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. पाटकरी बदलायचा, पाणी शेवटच्या शेतापर्यंत जायचं. शाळेच्या बाबतीत मात्र आपण थोर पाटकरी शोधत बसतो आणि गाळ कुणी काढायचा हे ठरवत नाही.

पैशाचंही थोडं सांगायला हवं. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान येतं. पट ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार, असा हिशेब. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेला. खडू, डस्टर, दुरुस्ती, वीजबिल, पाणी, सगळं यातच. रक्कम बेताची, आणि ती येते पुष्कळदा वर्ष संपत आल्यावर. बँकेत असल्यामुळे मार्चएंड मला नवा नाही. शेवटच्या पंधरवड्यात पैसे खात्यावर पडतात, ३१च्या आत खर्च दाखवायचा असतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी क्रीडासाहित्याचं कोटेशन घेऊन दारात उभा राहतो. घाईत शाळा ते घेते. पुढच्या उन्हाळ्यात मीटर कापलं जातं आणि देणगीतून आलेला टीव्ही पडदा टाकून झाकून ठेवला जातो.

पैसे कधी यावेत हे गावाच्या हातात नाही. आल्यावर काय करायचं हे आधी ठरवून ठेवणं हातात आहे. कायद्याच्या कलम २२मध्ये शाळा विकास आराखडा आहे तो त्याचसाठी. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीची तारीख बदलून वर पाठवला जातो. आम्ही तो १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचला. भाषणं संपल्यावर लोक उठायला लागले होते, तरी वाचला. त्याचा एक फायदा झाला: वीजबिल ग्रामपंचायतीने भरायचं असं तिथेच ठरलं, आणि ग्रामसभेत ठरलेलं असल्यामुळे सरपंचांना ते टाळता येईना. मार्चमध्ये कोटेशनवाला आला तेव्हा बाईंनी त्याला आराखडा दाखवला. तो म्हणे, एवढी वाचणारी शाळा पहिल्यांदाच बघतोय.

गावाच्या वर जी साखळी आहे, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, तिच्याबद्दल माझं मत फार गोड नाही. माहिती वर जाते ती रोज, दर तासाला. आजची उपस्थिती, खिचडी किती जणांनी खाल्ली, झाड लावतानाचा फोटो, शपथ घेतानाचा फोटो. मोबाइलवर 'तात्काळ' येतं, त्यामागून 'अतितात्काळ'. कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम द्यायचं नाही. फोटो काढून पाठवणं हे कशात बसतं, देव जाणे. वर गेलेल्या माहितीतून खाली काय येतं? दुसरा तक्ता. केंद्रप्रमुख हे पद खरं तर शिक्षकाशेजारी बसून शिकवण्यात मदत करायला आहे, पण अनेक ठिकाणी एकाकडे दोन-तीन केंद्रांचा भार असतो आणि त्याची मोटारसायकल कागद गोळा करण्यातच झिजते. आमच्याकडे एकदा एक केंद्रप्रमुख आले, कागद न मागता तिसरीवर पाऊण तास शिकवलं, आणि शेरेबुकात शेरा लिहिण्याऐवजी आपण काय केलं आणि काय जमलं नाही ते लिहून गेले. तसलं पान त्या शेरेबुकात पुढे आलं नाही.

कार्यक्रमांचंही तसंच. २२ जून २०१५ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय आला. प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे, शिक्षकांनी एकमेकांच्या शाळा पाहाव्यात, अधिकाऱ्यांनी मदतनीस व्हावं. त्यातलं पुष्कळ शहाणपणाचं होतं आणि काही शाळा त्यातून खरोखर उभ्या राहिल्या. ५ जुलै २०२१ला केंद्राचं निपुण भारत आलं, तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करायचं. तेही बरोबरच. पण सचिव बदलतात, मंत्री बदलतात, मुखपृष्ठ बदलतं, आणि शिक्षकाला जुन्या रजिस्टरातले रकाने नव्या रजिस्टरात उतरवून घ्यावे लागतात. बदली फक्त गुरुजींची होत नाही.

हे सगळं सपाटीवरचं. सातपुड्यात गेलं की आमच्या अडचणी लाडावलेल्या वाटतात.

माझी पुतणी धडगाव तालुक्यात एका पाड्यावर शिकवते. रस्ता संपल्यावर पुढे चालत. मुलांची घरची बोली पावरी. तिथली पुस्तकातली मराठी म्हणजे मुलांना परकीच. आमच्या अहिराणीवाल्या पोरांना मराठी निदान कानाला ओळखीची असते. कलम २९ म्हणतं, शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी. 'शक्यतो'च्या पलीकडे शिक्षकाने आपलं आपण बघायचं. ती गेली तेव्हा पहिले काही आठवडे नुसत्या खुणा चालल्या. मग कपाटात जुन्या हजेरीपटांखाली तिला एक शंभर पानी वही सापडली. तिच्या आधीच्या कुणा शिक्षकाने पावरी शब्द, समोर मराठी शब्द, मधूनच एखादं वाक्य, एखादं पोरांचं गाणं लिहून ठेवलेलं. "काका, त्या वहीने माझं वर्ष वाचवलं," ती म्हणते. चांगलं झालं. पण वही हजेरीपटांखाली सापडावी लागली. उंदरांनी आधी गाठली असती तर?

२७ फेब्रुवारी २०१७च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या, शाळांचे सर्वसाधारण आणि अवघड असे दोन भाग पडले. त्याने वशिल्याचा बाजार बऱ्यापैकी मोडला, हे मान्य करायलाच हवं. जिल्हा परिषदेच्या आवारात चिठ्ठ्या घेऊन उभी राहणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्या निर्णयात अवघड क्षेत्रातल्या शिक्षकाला तीन वर्षांनी बदली मागण्याचा अधिकार मिळाला. शिक्षकाच्या बाजूने हे न्याय्य आहे, डोंगरात कुणाला जन्मभर डांबून ठेवायचं नाही. मुलाच्या बाजूने बघा: पावरी समजू लागलेला माणूस नेमका समजू लागला की निघतो. तिथे चार्ज यादीला जोडलेल्या पानाची गरज आमच्यापेक्षा दहापट जास्त आहे.

दिवाळी झाली की गुजरातेतून ट्रक येतात, ऊसतोडीला घरंच्या घरं जातात. होळीला बरीचशी परततात. काठी गावच्या राजवाडी होळीला सातपुडा लोटतो हे तुम्ही पेपरात वाचत असाल. पुतणी सांगते, तिच्या शाळेचा पट कागदावर सारखाच राहतो, वर्गातली मुलं मात्र ट्रकच्या हिशेबाने कमीजास्त होतात. शासनाकडे यावर उपाय नाहीत असं नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे, सोबत जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, जे दाखवून मूल तिथल्या शाळेत बसू शकतं. अडतं कुठे? मंजुरीचा कागद ट्रक गेल्यावर येतो. आई-बाप मुलाला आजीपाशी ठेवायला तयार असतात, पण दोन वेळच्या जेवणाची खात्री ऑक्टोबरात हवी, जानेवारीत नव्हे. या एका तारखेवर मुलाचं अख्खं वर्ष अवलंबून असतं. निधी तोच, योजना तीच, तीन महिने अलीकडे-पलीकडे.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये राज्याने २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा उदाहरण म्हणून आमच्याच सातपुड्यातल्या तोरणमाळचं नाव घेतलं होतं. डोंगरातल्या एकेका पाड्यावर एकेकटा शिक्षक ठेवण्यापेक्षा मुलं एकत्र आणावीत, यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हा नियम कुणीतरी विचार करूनच केला होता. पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांची मुलगी कशी जाईल, हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कळत नाही. ते त्या पाड्याच्या समितीला विचारावं लागतं, आणि तिचं उत्तर 'नाही' असं आलं तर ते 'नाही' म्हणून लिहून घ्यावं लागतं. माझ्या मते समूहशाळा हवी की नको यापेक्षा हे लिहून घेणं आधीचं आहे.

यंदा आमच्या गावात पुन्हा बदल्या झाल्या. नवे सर यावलकडचे. बाईंनी त्यांच्यापुढे वर्गाची पानं ठेवली. महिनाभराने सभेत ते म्हणाले, पानावर लिहिलंय तसं नाहीये, परिच्छेद वाचतात म्हणून लिहिलेली मुलं शब्दावरच अडतायत. आधीच्या सरांनी खोटं लिहिलं का, असं कुणीतरी पुटपुटलं. खोटं नव्हतं. एप्रिलमध्ये ती वाचत होती, यादी वाचली तेव्हा आम्ही सगळे होतो. मे आणि अर्धा जून घरी एकही पुस्तक नव्हतं. शाळेत गोष्टींच्या पुस्तकांची पेटी आहे, पण ती परीक्षेनंतर कुलपात जाते, कारण डेडस्टॉकला लागलेलं पुस्तक हरवलं तर भरपाई गुरुजींच्या अंगावर येते.

मग पुढच्या उन्हाळ्यात पेटी गावात उघडी ठेवायची का यावर सभा चांगलीच रंगली. ग्रामपंचायतीचे सदस्य म्हणाले, पोरं पुस्तकं फाडतील, हरवतील, ऑडिटला उत्तर कोण देणार? पेटी कुणाच्या ओट्यावर ठेवायची, किल्ली कुणाकडे, यावरही दोन तट पडले. "हराई जाई ते जाऊ द्या," ब-एकवाल्या मुलीची आई म्हणाली, "पेटीमा ठेईसन कोन वाचस?" शेवटी पुस्तकं समितीच्या जबाबदारीवर बाहेर काढायची, हरवलेल्याची किंमत समितीने भरायची, आणि पेटी अंगणवाडीच्या ओसरीत ठेवायची असं मतांवर टाकलं. ग्रामपंचायतीचे सदस्य विरोधातच राहिले आणि म्हणाले, माझा विरोध लिहा. त्या दिवशी प्रोसिडिंगमध्ये 'सर्वानुमते' लिहिता आलं नाही. 'बहुमताने, एक विरुद्ध' असं बाईंनी लिहिलं आणि पुढचा विषय घेतला, शौचालयाची कडी.